नुसता माळ: बेळगावच्या पूर्वेकडची गवताळ रानं बघायला शिकणाऱ्यांसाठी

बेळगावात नव्यानं राहायला आलेल्या माणसानं "निसर्ग बघायला कुठं जाऊ?" म्हणून विचारलं की सगळे पश्चिमेकडं बोट दाखवतात. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, भीमगड. धबधबे, धुकं, जळवा. पूर्वेला काय आहे म्हटलं तर उत्तर ठरलेलं: "तिकडं काय, नुसता माळ." हा लेख त्या नुसत्या माळासाठी आहे. हुक्केरी, गोकाक, रायबाग, अथणी, सौंदत्ती, रामदुर्ग या पट्ट्यात अजून शिल्लक असलेली गवताची रानं कशी बघायची, काय घालून जायचं, कुणाला विचारायचं आणि काय टाळायचं, ते क्रमानं सांगतो. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही.

पहिलं काम: माळ म्हणजे काय ते समजून घ्या

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबीला वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांच्या आत अथणी आहे, आणि तिथं ५००-६०० मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. घाटावर ढग रिकामे झाले की पुढचा सगळा मुलूख पर्जन्यछायेत जातो. जमीनही उथळ. चिकोडी-अथणीकडं काळ्या दगडावरचा मुरूम, गोकाक-सौंदत्तीकडं वालुकाश्माची टेकाडं. पाऊस चार महिने, कोरड आठ महिने. अशा जागी दाट जंगल उभं राहत नाही. गवत राहतं, आणि गवतात विखुरलेली हिवर, बोर, बाभूळ, खैर, पळस अशी काटक झाडं.

नवख्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली असते: पूर्वी इथं जंगल होतं, लोकांनी तोडलं, गुरांनी खाल्लं, म्हणून माळ उरला. एखाद्या टेकडीबाबत ते खरंही असेल. पण दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातला माळ मुळातलाच आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातले झाडांचे आणि गवतांचे उल्लेख तपासले गेले. पश्चिम महाराष्ट्रातली माळरानं निदान ७५० वर्षांपासून माळरानंच आहेत, असं त्यातून दिसलं. कृष्णाकाठच्या आपल्या माळाची गोष्ट फार वेगळी असेल असं मला वाटत नाही.

गवत इथं टिकतं कसं, तेही बघा. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. वरचं पातं मेंढीनं खाल्लं किंवा आगीत जळालं तरी बुडख्यातून ते पुन्हा फुटतं. झाडाच्या कोवळ्या रोपाचा शेंडा एकदा गेला की ते खुरटतं. म्हणून थोडीफार चराई आणि अधूनमधून आग असेल तिथं गवताचं फावतं. उलट गवताला सावलीचं वावडं आहे. डोक्यावर दाट पानं आली की कुसळ, पवना, शेडा ही गवतं संपतात, आणि त्यांच्यावर जगणारे किडे, पाखरं, ससेही मागोमाग जातात. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवलीत तर पुढचं सगळं सोपं आहे.

दुसरं काम: जवळचा एकच माळ निवडा

पहिल्याच रविवारी अथणी गाठायची गरज नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा गवताळ उतार शहराला लागून आहे. तिथं पाऊस जास्त, दगड जांभा, त्यामुळं तो पूर्वेकडच्या माळाचा अगदी नमुना नव्हे. पण गवतातून चालायची आणि जमिनीवरचं पाखरू शोधायची सवय तिथं होते. मग पूर्वेकडं सरका. गावाचं गायरान, डोंगराचा उतार, दोन शेतांमधली पड, काहीही चालेल. दर आठवड्याला नवीन जागा बघण्यापेक्षा एकच जागा वर्षभर बघितलेली बरी, कारण हाच माळ जूनमध्ये, ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये ओळखू येत नाही इतका बदलतो.

जायच्या आधी जमीन कुणाची ते विचारा. गायरान असेल तर गावात कुणाच्या तरी कानावर घाला, खासगी असेल तर मालकाच्या. फॉरेस्टची हद्द असेल तर त्या भागाच्या रेंज ऑफिसात परवानगी मागा. आणि बेळगाव हे लष्करी गाव आहे हे विसरू नका. कॅम्पच्या आसपासची मोकळी रानं, गोळीबाराच्या सरावाच्या जागा, सांबऱ्याच्या विमानतळाचं कुंपण, इथं गळ्यात दुर्बीण अडकवून फिरणाऱ्याला प्रश्न विचारले जातात, आणि ते बरोबरच आहे.

तिसरं काम: कुसळाची तयारी

माळावर पहिला धडा गवतच देतं. कुसळाच्या बीला खाली टोकदार सुई आणि वर लांब केसाळ शेपटी असते. शेपटी कोरडी असताना पिळलेली राहते. दव किंवा पावसाचा थेंब लागला की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो. या उलटसुलट फिरण्यानं बी गिरमिटासारखं जमिनीत शिरतं आणि वरून आग गेली तरी आत सुखरूप राहतं. तेच बी मोज्यात शिरलं की तुमच्या घोट्याला भोक पाडायला निघतं. मेंढ्यांच्या लोकरीत आणि तोंडातही ते घुसतं, म्हणून कुसळ कोवळं असतानाच कळप त्यावर सोडतात. पिकलेल्या कुसळाकडं मेंढपाळ फिरकत नाही.

तेव्हा ऑक्टोबरपासून पुढं जाताना घट्ट विणीची जाड पँट, घोट्याच्या वर येणारे बूट आणि पोटरीवर गुंडाळायला जाड कापडी पट्टी. लोकरी मोजे घरी ठेवा. कपडे मळकट रंगाचे. पांढरा शर्ट माळावर दोन किलोमीटरवरून दिसतो. पाणी माणशी दोन-तीन लिटर, कारण सावली मिळेलच असं नाही. परत आल्यावर अंगावरचे कपडे झटकून गोचीड आहे का ते बघा.

सापांची भीती बाळगू नका, पण शिस्त पाळा. फुरसं, घोणस, नाग, तिन्ही इथले रहिवासी आहेत. फुरसं लहान, मातकट, दगडाखाली पडून राहणारं. दगड उलटायचा नाही, वारुळाच्या भोकात हात किंवा काठी घालायची नाही, न बघता बसायचं नाही. दंश झालाच तर आवळपट्टी बांधणं, चिरा देणं, मांत्रिक, यांतलं काहीही नको. हातपाय न हलवता १०८ ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

चौथं काम: बकरीवाल्याशी ओळख

माळाची खरी माहिती ज्याच्याकडं असते तो माणूस खांद्यावर घोंगडं टाकून कळपामागं उभा असतो. धनगर म्हणा, कुरुबर म्हणा. नवख्यांसाठी एक खूण: आपल्या भागात मेंढ्यांनाच बकरी म्हणतात आणि शेळ्यांना शेरडं. रायबाग-अथणीकडं बोलणं बऱ्याचदा कानडीत चालतं, तेव्हा चार शब्द गाठीला असू द्या: कुरी म्हणजे मेंढी, हुल्लु म्हणजे गवत, मोला म्हणजे ससा, तोळा म्हणजे लांडगा. वाक्याच्या शेवटी "री" लावलंत की निम्मं काम होतं. वयस्क माणूस असेल तर मराठीत मामा किंवा बाबा, कानडीत अज्जा किंवा काका.

कळपाजवळ जाण्याची रीत मात्र आधी शिका, कारण माळावर लांडग्यापेक्षा मेंढपाळाची कुत्री जास्त धोक्याची. कळप दिसला की लांबच थांबा. हाक मारा. धन्यानं कुत्र्यांना आवरलं की मगच पुढं सरका. कुत्री धावून आली तर पळू नका, दगड उचलू नका, काठी खाली धरून उभे राहा किंवा सरळ खाली बसा. कळपाच्या मधून कधीही चालत जाऊ नका. मुधोळ इथून लांब नाही, आणि तिथल्या सडपातळ कुत्र्यांची धाव बघितलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

पहिल्याच भेटीत "लांडगा कुठं आहे?" असं विचारू नका. ज्याची कोकरं गेली आहेत त्याला हा प्रश्न मजेचा वाटत नाही. चारा कसा आहे, पाणी कुठं आहे, यंदा कुठल्या शेतात बकरी बसवणार, हे विचारा. पावसाळा सरला आणि पिकं निघाली की कळप शेतांत बसवले जातात. लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी धान्य किंवा पैसे देतो, आणि त्या हिशेबानं कळपाचा रस्ता ठरतो. त्या रस्त्यामागं लांडगाही असतो. नुकतंच कोकरू गेलं असेल तर एक मदत तुमच्या हातात आहे: मेलेलं जनावर हलवण्याआधी त्याचे फोटो काढा, वनरक्षकाला फोन लावून द्या, भरपाईचा अर्ज लिहायला हात द्या. असा माणूस पुढच्या वेळी स्वतःहून चार गोष्टी सांगतो.

पाचवं काम: खाली बघायला शिका

जंगलात आपण मान वर करून पाखरं शोधतो. माळावरची बरीचशी पाखरं जमिनीवर राहतात, जमिनीवरच अंडी घालतात आणि उडण्यापेक्षा पळणं पसंत करतात. उजाडायच्या आधी पोचा, उंचवट्यावर बसा आणि अर्धा तास उठू नका. ज्याला ढेकूळ समजलात ते धावायला लागलं तर तो धाविक: थोडं पळतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा पळतो. डोळ्यांपुढं पिवळं कातडं लोंबतंय ती माळटिटवी. पाण्याकाठी दिसते ती लाल टिटवी, ही कोरड्यात राहते. एखादं चिमणीएवढं पाखरू आभाळात चढून पंख मिटून खाली कोसळत असेल आणि जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर जात असेल तर तो डोंबारी. नाव ज्यानं ठेवलं त्याचं निरीक्षण पक्कं होतं.

पखुर्डी सकाळी डबक्यावर येते. ती कोरडं बी खाते, म्हणून पाणी लागतंच. पिल्लं असताना नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि ते ओलं पोट घेऊन पिल्लांकडं उडतो. पिल्लं पिसांतून पाणी चोखतात. म्हणून डबक्याच्या काठावर ठाण मांडून बसू नका. तुम्ही तासभर बसलात तर तेवढा वेळ त्यांना तहानलेलं राहावं लागतं.

मार्च ते जुलै पायाखाली विशेष लक्ष हवं. टिटवीची अंडी खड्यांमध्ये उघड्यावर असतात आणि खड्यांसारखीच दिसतात. पाखरू डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागलं किंवा पंख मोडल्याचं सोंग करून पुढं लंगडायला लागलं की घरटं जवळ आहे. शोधू नका, आल्या पावली मागं फिरा.

सहावं काम: जनावर दिसलं नाही तर माग वाचा

लांडगा, खोकड, तरस, कोल्हा ही मंडळी दिवसा क्वचितच भेटतात. त्यांची सही मात्र जागोजागी असते. पायवाटेच्या मधोमध, केसांनी भरलेली, टोकाला निमुळती विष्ठा लांडग्याची असू शकते. केस लोकरीचे आहेत का बघा. वाळून पांढरी फटक पडलेली विष्ठा बहुतेक तरसाची, कारण तरस हाडं चावून खातो आणि त्यांतला चुना मागं राहतो. तरसाचा पुढचा पंजा मागच्यापेक्षा ठळक मोठा असतो. कुत्रा आणि लांडगा यांच्या ठशांत नवखाच काय, जुनाजाणताही चकतो. लांडग्याचा ठसा लांबट, मधली दोन बोटं पुढं, आणि चाल सरळ एका रेषेत. कुत्रा इकडंतिकडं हुंगत भरकटतो. एकाच ठशावरून निकाल देऊ नका.

उघड्या माळावर चार-पाच तोंडांचं बीळ दिसलं तर ते खोकडाचं असण्याची शक्यता मोठी. मांजरापेक्षा थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं, आहार मुख्यतः उंदीर, किडे, सरडे आणि बोरं. बोरीच्या झाडाखालची विष्ठा उकरून बघा, आठळ्या सापडतील. वारूळ दिसलं की चक्कर मारून चारी बाजू बघा. वाळवी वाळलेलं गवत मातीत मिसळते, आणि तिनं उभारलेल्या घरात घोरपड, मुंगूस, नाग आयते राहायला येतात.

लांडग्याबद्दल एवढंच सांगतो: आता तो फक्त माळावर राहत नाही. कालव्याचं पाणी आलं तिथं ऊस झाला, आणि उसात त्याला दिवसा दडायला जागा मिळाली. पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बिळाजवळ माणसं घोटाळायला लागली की मादी पिल्लं तोंडात धरून जागा बदलते, आणि त्या धावपळीत पिल्लं गमावतेही. बीळ सापडलं तर लगेच निघा. रात्री गाडीतून बॅटरी मारत फिरणं तर अजिबात नको. लांडगा आणि काळवीट दोघंही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि रात्री रानात बॅटरी घेऊन हिंडणाऱ्याला लोक शिकारी समजतात.

सातवं काम: ऋतूचं वेळापत्रक

पावसाच्या पहिल्या सरीबरोबर मखमली लाल मृगाचे किडे मातीवर येतात, वारुळांतून पंख फुटलेली वाळवी उडते आणि घारीपासून बेडकापर्यंत सगळे जेवायला बसतात. जुलै-ऑगस्टमध्ये माळ हिरवा असतो पण बघायला अवघड: चिखल, ढग, गवताची उंची. सप्टेंबरात तरवडाची पिवळी फुलं आणि नाकतोडे.

माझ्या दृष्टीनं खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी, आणि त्याचं कारण भोवत्या. हे ससाण्याच्या जवळपासच्या आकाराचे लांब पंखांचे शिकारी पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून इथं हिवाळा काढायला येतात. माँटेग्यू आणि पॅलिड या दोन जाती आपल्याकडच्या माळावर मुख्य. नर राखाडी, मादी आणि पिल्लं तपकिरी, शेपटीच्या बुडाशी पांढरा पट्टा. गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून, पंख किंचित वर धरून संथ उडतात आणि अचानक खाली झेप घेतात. खाणं बरंचसं नाकतोड्यांचं, म्हणजे शेतकऱ्याचं काम फुकटात. संध्याकाळी हे पक्षी झाडावर जात नाहीत. उंच गवतात जमिनीवर, एकाच ठिकाणी पुष्कळजण मिळून झोपतात. अशी जागा सापडली तर सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी लांब बसा, अंधार पडेपर्यंत थांबा, गवतात पाऊल टाकू नका. दुसऱ्या दिवशी त्या गवतात नांगर फिरला तर त्यांना नवं उंच गवत शोधावं लागतं, आणि हल्ली ते सहज मिळत नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटवलं जातं. नवा चारा लवकर यावा म्हणून हे पूर्वापार चालत आलंय. तुकड्यातुकड्यानं, काही वर्षांच्या अंतरानं लागलेली आग माळ पचवतो. दरवर्षी, सगळ्या माळाला, घरटी असताना लावलेली आग पचत नाही. तुम्ही मात्र बाहेरून येऊन यावर भाषण देऊ नका, आणि काडी तर ओढूच नका. मे महिन्यात माळ मेल्यासारखा वाटतो. तेव्हाच सकाळी दगडांवर सरड्याचे नर गळ्याचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून एकमेकांना धमकावत असतात. उन्हाचा त्रास सोसत असेल तर जरूर जा, दहाच्या आत परत या.

आठवं काम: झाडं लावायला नकार द्यायला शिका

माळावर जायला लागलात की वृक्षारोपणाचं आमंत्रण येणार. शाळा, मंडळ, कंपनी, कुणाचा तरी वाढदिवस. हेतू चांगला असतो, म्हणूनच नाही म्हणणं जड जातं. तरी आधी विचारा, खड्डे कुठं काढलेत? गावात, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात असतील तर फावडं घेऊन जा. माळावर असतील तर जाऊ नका, आणि का येत नाही ते सांगा. नीलगिरी, ऑस्ट्रेलियन बाभूळ, ग्लिरिसिडिया यांच्या रांगा उभ्या राहिल्या की खाली गवत उरत नाही. भोवत्याला झोपायला जागा नाही, डोंबाऱ्याला अंडी घालायला जागा नाही, आणि बकरीवाल्याचा चारा गेला. खड्ड्यांसाठी उकरलेल्या जागी घाणेरी आणि काँग्रेस गवत माजतं ते वेगळंच. वेडी बाभूळ तर एकदा शिरली की काढता काढता पिढी जाते.

सरकारी कागदावर माळ हा बहुतेक वेळा "पडीक" असतो. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशांत गवताळ प्रदेशही त्याच रकान्यात बसवलेले आहेत. पडीक म्हटलं की ती जमीन कशालाही देता येते: पवनचक्की, सौर पॅनेल, औद्योगिक वसाहत, कचरा डेपो. तुमच्या गावाच्या गायरानाचा उतारा काढून त्यावर काय लिहिलंय ते वाचा, आणि ग्रामसभेत विषय निघाला तर तिथं कुणाचे कळप चरतात आणि कुठले पक्षी येतात ते लेखी द्या. कचरा आला की मोकाट कुत्री येतात. ती खोकडाची पिल्लं मारतात, लांडग्यांना रोग देतात, आणि लांडग्यांशी त्यांचा संकरही होतो.

नववं काम: थोडं लांब

सवय झाली की दोन सहली करा. गोकाकजवळच्या धुपदाळच्या बंधाऱ्यामागं घटप्रभा पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं कांड्या करकोच्यांचे थवे उतरतात. पाणी फक्त मुक्कामाला, चरायला ते आसपासच्या शेतांत जातात, तेव्हा पाण्यासोबत हरभऱ्याची शेतंही बघा. दुसरी सहल बागलकोट जिल्ह्यातल्या यडहळ्ळी चिंकारा अभयारण्याची. मुधोळ आणि बिळगी भागातला हा सुमारे ९६ चौरस किलोमीटरांचा डोंगराळ, झुडपी माळ २०१६ साली अभयारण्य झाला. चिंकारा काळविटापेक्षा लहान, लालसर, चेहऱ्यावर पांढरे-तपकिरी पट्टे, काळी शेपटी सारखी हलवणारा. शिंगं नराला असतात आणि मादीलाही, मादीची बारीक. काळविटाची मादी बिनशिंगी. परवानगी वनखात्याकडून आधी घ्या.

प्रत्येक फेरीनंतर वहीत चार गोष्टी लिहा: तारीख, गवताची उंची, कळप होता की नव्हता, काय दिसलं. गवताची उंची लिहिण्याचा लोक कंटाळा करतात, पण वर्षाअखेरीस कुठलं पाखरू कधी आलं याचा उलगडा बऱ्याचदा त्याच रकान्यातून होतो. पाखरांच्या नोंदी ई-बर्डवर आणि बाकी सगळ्या आयनॅचरलिस्टवर टाकल्यात तर इतरांना उपयोग होईल. फक्त लांडग्याचं बीळ, खोकडाचं बीळ आणि भोवत्यांची झोपायची जागा यांचं ठिकाण लपवा. ॲपमध्ये ती सोय आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायच्या फोटोतलं लोकेशनही आधी बंद करा, आणि मागं ओळखू येईल असं देऊळ किंवा पवनचक्की असेल तर तो फोटो पाठवूच नका.